लोंढ्यात कुठलं एफएम लागतं?

कोल्हापूरहून पणजीला माल घेऊन निघालेल्या टेम्पोत रेडिओ चालू ठेवला, तर रस्त्याबरोबर गाणीही बदलत जातात. कोल्हापुरात ९४.३ वर ‘पुढारी’ समूहाचं टोमॅटो एफएम, ९८.३ वर रेडिओ मिर्ची, शिवाय रेडिओ सिटी. कागल मागे पडलं, दूधगंगा ओलांडून कर्नाटकात शिरलं, तरी राज्य बदलल्याचं रेडिओला लगेच कळत नाही. निपाणी कोल्हापूरपासून सरळ रेषेत सुमारे ३६ किलोमीटरवर आहे. संकेश्वरच्या पुढे मात्र खरखर वाढत जाते. बेळगावात ९०.४ वर केएलई संस्थेचं ‘वेणुध्वनी’ हे कम्युनिटी रेडिओ केंद्र भेटतं. खानापूर सोडून गाडी लोंढ्याच्या जंगलात शिरली की ८८ पासून १०८ पर्यंत सगळा पट्टा धुंडाळला तरी जाहिरातींवर चालणारं एकही खाजगी स्टेशन धड हाती लागत नाही. मग अनमोड घाट उतरायचा, मोले गाठायचं आणि फोंड्याच्या दिशेला लागायचं, तेव्हा कुठे पणजीची स्टेशनं बोलू लागतात.

निपाणीत मराठी सिनेमाचं नवं गाणं एफएमवर लागतं, लोंढ्यात लागत नाही. लोंढ्यात मराठी ऐकणारे कमी आहेत म्हणून असं होतं, असं कुणी म्हणू शकणार नाही. खानापूर तालुक्यात घरोघरी मराठी बोलली जाते. लोंढा तर रेल्वेचं जंक्शन. मिरजेकडून येणारी गाडी, हुबळीकडून येणारी गाडी आणि कॅसलरॉकमार्गे गोव्यात उतरणारी गाडी या तिन्ही वाटा इथे मिळतात, त्यामुळे मराठीसोबत कोंकणी, कन्नड आणि हिंदीही फलाटावर कानावर पडते. एवढे कान असताना एफएम गप्प का? याची दोन कारणं आहेत. पहिलं भूगोलाचं, दुसरं पैशाचं. दुसरं जास्त गुंतागुंतीचं आहे आणि आपल्याला एफएमवर कोणती गाणी ऐकायला मिळतात, हेही तेच ठरवतं.

आधी भूगोल. एफएमच्या लहरी बॅटरीच्या झोतासारख्या सरळ जातात. मध्ये डोंगर आला की पलीकडे सावली पडते. प्रक्षेपकाच्या अँटेनाची उंची आणि आपल्या अँटेनाची उंची मीटरमध्ये घ्यायची, दोन्हींची वर्गमुळं काढून बेरीज करायची आणि तिला ४.१२ ने गुणायचं. सपाट जमिनीवर लहर साधारण किती किलोमीटर जाईल याचा अंदाज मिळतो. १०० मीटरचा मनोरा आणि घराच्या छपरावर ४ मीटरची अँटेना असेल, तर उत्तर येतं ४९ किलोमीटर. आता लोंढ्याची अंतरं पाहा. सरळ रेषेत बेळगाव सुमारे ४५ किलोमीटर, धारवाड ५५ च्या आसपास, पणजी सत्तरच्या पुढे आणि कोल्हापूर १४०. पणजी आणि लोंढा यांच्यामध्ये तर सह्याद्रीचा अख्खा कडाच उभा आहे. म्हणजे हे गाव चारही बाजूंच्या स्टेशनांच्या काठावर किंवा काठाबाहेर पडतं.

मीडियम वेव्हचं तसं नव्हतं. त्या लहरी जमिनीला धरून चालतात आणि रात्री आकाशातून परावर्तित होऊन आणखी लांब जातात. आकाशवाणीचं धारवाड केंद्र १९५० पासूनचं आणि सांगलीचं १९६३ पासूनचं. गोवा मुक्तीनंतर पणजी केंद्रही आकाशवाणीत आलं. धारवाडचं कन्नड, सांगलीचं मराठी आणि पणजीचं कोंकणी-मराठी या तिन्हींच्या मधल्या पट्ट्यात सीमाभाग येतो. खरखर मुबलक होती, पण निवडीला वाव होता. एफएम आलं, आवाज स्वच्छ झाला, आणि त्याचबरोबर ऐकण्याचं क्षेत्र शहराच्या हद्दीपाशी आखडलं.

पैशाची गोष्ट समजायला थोडं मागे जावं लागेल. १९५२ मध्ये बाळकृष्ण विश्वनाथ केसकर नभोवाणी मंत्री झाले. जन्माने पुणेकर, शास्त्रीय संगीताचे भोक्ते. सिनेसंगीताने देशाची अभिरुची बिघडते असं त्यांचं ठाम मत होतं. आकाशवाणीवरून हिंदी सिनेमाची गाणी जवळपास हद्दपार झाली. श्रोत्यांनी काय केलं? त्यांनी स्टेशन बदललं. रेडिओ सिलोनवर ३ डिसेंबर १९५२ पासून अमीन सायानींची ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली आणि एका टूथपेस्टच्या जाहिरातीवर अख्खा देश दर बुधवारी रात्री रेडिओभोवती जमू लागला. लोंढ्यापलीकडच्या पोर्तुगीज गोव्यात त्या काळी ‘एमिसोरा दे गोवा’ हे केंद्र होतं. १९५५ मध्ये भारताने गोव्याची आर्थिक नाकेबंदी केली, लोंढ्याहून गोव्यात उतरणारी रेल्वे थांबली. लहरींना मात्र तपासणी नाका नव्हता. शेवटी सिनेगीतांच्या बाबतीत सरकारलाच माघार घ्यावी लागली. ३ ऑक्टोबर १९५७ रोजी विविध भारती सुरू झाली आणि नोव्हेंबर १९६७ मध्ये मुंबई, पुणे व नागपूर इथून तिच्यावर जाहिरातीही वाजू लागल्या.

या प्रसंगातून एक गोष्ट पक्की झाली. श्रोत्याला हवं ते गाणं कुणीतरी लावतंच, फक्त त्याचे पैसे देणारा कुणीतरी लागतो. सिलोनला टूथपेस्टवाला मिळाला. पुढची सत्तर वर्षं व्यावसायिक रेडिओ या एका सूत्रावरच चालत आला आहे.

भारतात एफएमचं पहिलं प्रक्षेपण १९७७ मध्ये मद्रासहून झालं, पण खाजगी हातांना या पट्ट्यात शिरकाव मिळाला तो १९९३ मध्ये. आकाशवाणीने आपल्या एफएम वाहिनीवरचे काही तास खाजगी कंपन्यांना भाड्याने दिले. दिल्ली, मुंबई, कोलकाता, चेन्नई आणि पाचवं पणजी. लोंढ्याच्या घाटाखालचं छोटं पणजी चार महानगरांच्या पंक्तीत बसलं. टाइम्स एफएमसारख्या कार्यक्रमांनी निवेदकाला पहिल्यांदा गप्पा मारण्याची मुभा दिली. ‘आकाशवाणीचं हे केंद्र आहे’ असं घोटून म्हणणाऱ्या आवाजाऐवजी शेजारच्या कट्ट्यावरचा आवाज आला. १९९८ मध्ये हे तास सरकारने परत घेतले. तोवर १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रेडिओलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, सरकारची मक्तेदारी नव्हे, असा निकाल दिला होता. त्यामुळे खाजगी स्टेशनांना दार उघडणं अटळ होतं.

दार उघडलं ते लिलावाने. पहिल्या टप्प्यात ४० शहरांतल्या १०८ फ्रिक्वेन्सी विक्रीला काढल्या. बोली चढत गेली. मुंबईत एका स्टेशनचं वर्षाचं शुल्क ९ कोटी ७५ लाखांवर पोचलं. अट अशी की उत्पन्न येवो न येवो, हे शुल्क दरवर्षी १५ टक्क्यांनी वाढणार. हिशेब करून पाहा: सहाव्या वर्षी साडेएकोणीस कोटींच्या वर, दहाव्या वर्षी ३४ कोटींच्या वर. अनेकांनी बोली जिंकूनही माघार घेतली. ३ जुलै २००१ रोजी बंगळुरूत रेडिओ सिटी सुरू झालं, ते देशातलं पहिलं खाजगी एफएम स्टेशन. पण १०८ पैकी प्रत्यक्षात चालली ती अवघी २१.

एवढं शुल्क डोक्यावर असलेला मालक गाणी कशी निवडेल? ज्या गाण्याला शहरातला कुणीच कंटाळणार नाही, तेच तो लावेल. बातम्यांना परवानगी नव्हती. २०११ नंतरही खाजगी स्टेशनला फक्त आकाशवाणीचं बातमीपत्र जसंच्या तसं लावता येतं. म्हणजे विकायला उरलं गाणं, आणि गाण्यांत सर्वांत सुरक्षित म्हणजे नव्या हिंदी सिनेमाचं. मुंबईत २००२ मध्ये एकामागोमाग स्टेशनं सुरू झाली आणि बहुतेक सगळ्यांवर तीच गाणी वाजू लागली. ‘गो ९२.५’ ने इंग्रजी, वरच्या वर्गाचा बाज धरून वेगळं होण्याचा प्रयत्न केला. तो सोडून त्याचं ‘रेडिओ वन’ झालं, पुढे ९४.३ वर गेलं आणि काही वर्षांनी पुन्हा इंग्रजी गाण्यांकडे वळलं. ‘विन ९४.६’ तर बंदच पडलं.

आता स्टेशनच्या आत जाऊन पाहू. आरजे मनाला येईल ते गाणं लावतो, असं श्रोत्याला वाटतं. प्रत्यक्षात सकाळी स्टुडिओत बसणाऱ्या आरजेसमोरच्या पडद्यावर तासाभराची गाणी आदल्या दिवशीच लागलेली असतात. त्या तासाला म्हणतात ‘क्लॉक’. साठ मिनिटांच्या चकतीवर कुठे जिंगल, कुठे जाहिरातींचा ब्रेक, कुठे बोलण्याची जागा आणि कुठे गाणं, हे आखून ठेवलेलं असतं. तासाला साधारण १२ गाणी बसतात असं धरलं, तर दिवसाला २८८ जागा झाल्या. या जागा काही २८८ वेगवेगळ्या गाण्यांना मिळत नाहीत. आत्ताची सर्वांत गाजणारी मूठभर गाणी वरच्या गटात असतात आणि दर तीन-चार तासांनी फिरून येतात. त्याखाली चढती गाणी, मग वर्ष-दोन वर्षांपूर्वीची, मग जुनी. एकाच गायकाची दोन गाणी लागोपाठ नकोत, एका सिनेमाची दोन गाणी एका तासात नकोत, सकाळच्या क्लॉकमध्ये रडगाणं नको, असे नियम सॉफ्टवेअरमध्ये भरलेले असतात. यंत्र यादी काढतं, म्युझिक मॅनेजर तिच्यावर हात फिरवतो.

कोणतं गाणं कोणत्या गटात, हे ठरवायला श्रोत्यांना फोन केले जातात. गाण्याचा आठ-दहा सेकंदांचा ओळखीचा तुकडा, स्टेशनच्या भाषेत ‘हुक’, ऐकवायचा आणि विचारायचं: ओळखता का? आवडतं का? ऐकून कंटाळा आलाय का? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर ‘हो’ येऊ लागलं की ते गाणं खाली उतरतं. ही सगळी पद्धत अमेरिकेतली. १९५० च्या दशकात ओमाहा शहरात टॉड स्टॉर्झ या स्टेशनमालकाच्या लक्षात आलं की ज्यूकबॉक्सवर लोक पैसे टाकून तीच तीच गाणी पुन्हा ऐकतात. त्यातून ‘टॉप फॉर्टी’ हा बाज जन्माला आला. ‘तेच तेच गाणं का लावता?’ अशी तक्रार करणारा श्रोता आणि तेच गाणं लागल्यावर स्टेशन न बदलणारा श्रोता, हे बहुधा एकाच घरात राहतात.

स्टेशन किती ऐकलं जातं, हे जाहिरातदाराला दाखवावं लागतं. २००७ पासून ‘रॅम’ नावाची मोजणी सुरू झाली. निवडलेल्या घरांत डायऱ्या देऊन कोणत्या वेळी कोणतं स्टेशन ऐकलं, ते लिहून घ्यायचं. पण या डायऱ्या मुंबई, दिल्ली, बंगळुरू, कोलकाता अशा महानगरांपुरत्या. कोल्हापुरात डायरी नव्हती, निपाणीत नव्हती, लोंढ्यात तर प्रश्नच नाही. जिथे मोजणी नाही, तिथला श्रोता मोठ्या कंपनीच्या जाहिरात विभागाला दिसत नाही.

मोजणी असलेल्या मुंबईतही जाहिरातदाराच्या नजरेचा फटका भाषेला बसला. संगीतकार कौशल इनामदार यांनी सांगितलेला किस्सा मराठीत बराच फिरला आहे. मुंबईतल्या एका स्टेशनला त्यांनी विचारलं, मराठी गाणी का लावत नाही? उत्तर मिळालं, स्टेशन ‘डाउनमार्केट’ वाटेल. यावर इनामदारांनी गाणं करूनच उत्तर दिलं. सुरेश भटांच्या कवितेला त्यांनी चाल लावली, लोकांकडून पैसे उभे केले, शंभराहून अधिक नामवंत गायकांना एका गाण्यात आणलं आणि २७ फेब्रुवारी २०१० रोजी, मराठी भाषा दिनी, ‘मराठी अभिमानगीत’ प्रसिद्ध झालं. स्टेशनवाल्याच्या उत्तरामागचा हिशेब साधा होता. महागड्या वस्तूंचा जाहिरातदार मुंबईत हिंदी-इंग्रजी श्रोत्याला गिऱ्हाईक समजत होता. कान मराठी होते, पण जाहिरातीचं बिल दुसऱ्याच भाषेत फाडलं जात होतं.

लहान शहरात हे गणित उलटं होतं. कोल्हापुरात रेडिओला जाहिरात देतो तो सराफ, साड्यांचं दुकान, दुचाकीचा शोरूमवाला, खाजगी क्लासचा मालक. त्याचं गिऱ्हाईक मराठीत बोलतं. त्याला डायरीचा आकडा नको असतो. ‘रेडिओवर ऐकलं म्हणून आलो’ असं गल्ल्यावर कुणी म्हणालं की त्याचं समाधान होतं. म्हणून मुंबईत नाकारली गेलेली मराठी गाणी कोल्हापुरात ताठ मानेने वाजू शकली.

अशी शहरं एफएमवर आली ती दुसऱ्या टप्प्यात. अमित मित्रा समितीच्या शिफारशीनंतर २००५ मध्ये सरकारने पद्धत बदलली. एकदा प्रवेशशुल्क आणि त्यानंतर वर्षाला मुख्यतः उत्पन्नाच्या ४ टक्के. कमाई कमी तर शुल्कही कमी. ९१ शहरांतल्या ३३८ वाहिन्या विक्रीला निघाल्या आणि अडीचशेच्या आसपास स्टेशनं खरोखर उभी राहिली. गाण्यांच्या रॉयल्टीचा वादही याच काळात मिटत गेला. आधी कंपन्या तासाच्या दराने पैसे मागत. ऑगस्ट २०१० मध्ये कॉपीराइट मंडळाने निव्वळ जाहिरात उत्पन्नाच्या २ टक्के असा दर ठरवला. लहान गावातल्या स्टेशनला हा मोठा दिलासा होता.

खर्च आटोक्यात आला तशी प्रयोगांची हिंमत वाढली, आणि प्रयोग फसल्यावर बाज बदलण्याचीही. १०४.८ ही एकच फ्रिक्वेन्सी पाहा. २००७ मध्ये तिथे ‘म्यॅव’ आलं, बायकांसाठीचं, गप्पांवर भर असलेलं स्टेशन. तीनेक वर्षांत त्याचं ‘ओए’ झालं आणि गप्पांची जागा सिनेमाच्या गाण्यांनी घेतली. पुढे तेच ‘इश्क’ झालं, प्रेमगीतांचं. श्रोत्याने काटा हलवला नाही, तरी तीन वेगळी स्टेशनं ऐकली. बिग एफएमने नव्या गाण्यांच्या शर्यतीतून बाजूला होत जुन्या गाण्यांकडे मोर्चा वळवला. अन्नू कपूर यांच्या ‘सुहाना सफर’ने दाखवून दिलं की चाळिशी उलटलेला श्रोताही जाहिरातदाराला चालतो. घर, विमा, औषधं तोच विकत घेतो.

२०११ च्या तिसऱ्या टप्प्याने आणखी एक गाठ सोडवली. आधी एका शहरात एका कंपनीला एकच वाहिनी मिळे. आता मोठ्या शहरात एकाहून अधिक घेता येऊ लागल्या. पहिल्या वाहिनीवर नवी हिंदी गाणी सुरक्षित ठेवायची आणि दुसरीवर वेगळा बाज चालवून पाहायचा. मुंबईत ९१.९ साठी शंभर कोटींहून जास्त मोजून आलेलं ‘रेडिओ नशा’ हे जुन्या गाण्यांचं स्टेशन त्यातूनच जन्मलं. पणजीत ‘इंडिगो’ इंग्रजी गाण्यांवर टिकलं, कारण तिथे पर्यटक, हॉटेलं आणि त्यांच्या जाहिराती होत्या. बाज कोणताही असो, त्याच्या पाठीशी कुणाचं तरी बिल असतं.

लोंढा या हिशेबात कुठे बसतो? परवान्याच्या नियमांत शहरांची प्रतवारी लोकसंख्येवर आहे. तीन ते दहा लाखांचं शहर ‘क’ वर्गात, त्याला ३ ते १० किलोवॅटचं प्रक्षेपण. एक ते तीन लाखांचं ‘ड’ वर्गात, त्याला १ ते ३ किलोवॅट. त्याखालच्या गावासाठी काही डोंगराळ व सरहद्दीवरची राज्यं आणि बेटं वगळता रकानाच नाही. म्हणजे लोंढ्याला स्वतःचं व्यावसायिक स्टेशन मिळण्याची सोयच नाही. शेजारच्या शहरातून जे काही सांडेल तेवढंच. कोल्हापूरचं सांडतं ते निपाणीपर्यंत, पणजीचं घाटाखालीच राहतं. आणि बेळगाव? जवळपास पाच लाख वस्तीचं, दोन राज्यांच्या बाजारपेठांना जोडणारं शहर, पण खाजगी एफएमविना राहिलं. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने २३४ नव्या शहरांतल्या ७३० वाहिन्यांच्या लिलावाला मंजुरी दिली, त्या यादीत बेळगाव आहे, चार वाहिन्यांसह.

या चारपैकी एखादी वाहिनी घेणारा मालक काय करेल, हे आता आपण आधीच सांगू शकतो. तो शहरातल्या जाहिरातदारांची यादी काढेल, त्यांच्या गिऱ्हाइकांची भाषा पाहील, काही शे लोकांना फोन करून हुक ऐकवेल आणि क्लॉक आखेल. कन्नड, मराठी, हिंदी यांचं प्रमाण कुठल्याही भाषणाने किंवा मोर्चाने ठरणार नाही; ते त्या फोनच्या यादीने आणि जाहिरातीच्या बिलांनी ठरेल. सीमाभागातल्या श्रोत्याला तिन्ही भाषा कळतात. एकाच तासात तिन्ही भाषांची गाणी वाजवणारं स्टेशन इथे चालू शकतं, पण तसा बाज परगावच्या मुख्यालयातून आपोआप येणार नाही.

खानापूर, लोंढा, रामनगरच्या व्यापाऱ्यांनी म्हणूनच जाहिरातीचा पहिला करार करताना दोन प्रश्न जरूर विचारावेत: तुमच्या मनोऱ्यावरून माझ्या गावात आवाज पोचतो का? आणि माझ्या गिऱ्हाइकाच्या भाषेतली गाणी तासाला किती? श्रोत्यांनीही फोन आला तर ‘बिझी आहे’ म्हणून ठेवू नये. स्टेशन आपलं मत विचारतं ते तेवढ्या आठ-दहा सेकंदांपुरतंच.